खंडेनवमीची दुपार

झेंडूचा वास आला की मला अजूनही मशीनचं तेल आठवतं. कोलशेतच्या एका कंपनीत ऐन उमेदीची सगळी वर्षं लेथ चालवून, नव्वदच्या सुमारास मी आपणहून नोकरी सोडली. वर्षभर घरी बसायचं, पुढचं पुढे बघू, असं ठरवलेलं. त्या खंडेनवमीला पहिल्यांदाच माझ्या लेथची पूजा माझ्या हातून होणार नव्हती. दुपारी जेवून आडवा झालो तो दिवेलागणीलाच उठलो. तेवढ्यात शेजारच्या लेथवरचा मित्र पूजेचा प्रसाद घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "अरे, पूजेला आलेलास तर भेटून तरी जायचंस!" "मी कुठे आलेलो?" "मग तुझ्या लेथला हार कोणी घातला? तेलपण दिलेलं. आम्ही कुणी हात नाही लावला." बायको म्हणाली, "भावोजी, हे तर दुपारभर इथेच झोपलेले." मी प्रसादासाठी हात पुढे केला. बोटांना कुंकू होतं, नखांत काळं तेल. आता कंपनीच्या जागी टॉवर उभे आहेत, तरी खंडेनवमीला बायको मला दुपारी झोपू देत नाही. यंदा चुकून डोळा लागला. जाग आली तेव्हा ती समोर उभी होती, हातात गरम पाण्याचा तांब्या आणि साबण घेऊन.