पेटीतला हात

हात बसवायचं शिबिर आमच्या क्लबनं यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात घेतलं, तेव्हा मी क्लबची सचिव होते. कॉलेजच्या ऑफिसात उभा जन्म फायली सांभाळलेली बाई, म्हणून कागदपत्रं आपसूक माझ्याकडे आली. हात परदेशातल्या एका क्लबनं पाठवलेले. प्लास्टिकचे, कोपराखाली पट्ट्यांनी बांधायचे. दुसऱ्या हातानं बोटं दाबून बसवली की वस्तू धरून ठेवायचे. प्रत्येक खोक्यात एक फोटो असायचा, तो हात ज्यांनी जुळवला त्या चार-पाच माणसांचा. सगळे ॲप्रन घातलेले, हसणारे, बहुतेक पिकल्या केसांचे.

राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची बाई माझ्या टेबलाशी आली. पस्तिशीची असेल. सोयाबीन काढताना थ्रेशरनं तिचा उजवा हात मनगटाच्या वरून नेला होता. नवा हात बांधून झाल्यावर तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि हॉलभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तिचा फोटो पेपरात आला, आमच्या ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनाचे गुच्छ पडत राहिले.

सहा महिन्यांनी परदेशातल्या त्या क्लबकडून फॉर्म आला. हात रोज वापरतात, कधीकधी, की वापरतच नाहीत? प्रत्येक माणसापुढे एक खूण करायची होती. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर, मनानं सरळ. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांपुढे 'रोज' करून टाका. उगाच पुढची खोकी अडकायची."

फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून होता. मी पोळ्या करता करता उठून त्याच्याकडे बघून यायची. नवरा म्हणाला, "एवढं काय आहे त्यात?" रविवारी उठले आणि राळेगावची एसटी धरली.

तांड्यावर तिनं मला लगेच ओळखलं. चहा ठेवला. पातेलं पदर गुंडाळलेल्या थोट्या हातानं दाबून धरलं आणि डाव्या हातानं सांडशी लावली. प्लास्टिकचा हात कुठंच दिसेना. विचारलं, तर तिनं लोखंडी पेटी उघडली. जुन्या ओढणीत गुंडाळलेला हात कपड्यांच्या तळाशी होता. खोक्यातला तो फोटो मात्र भिंतीवर, देवांच्या तसबिरींशेजारी चिकटवलेला.

"लग्नाकार्यात घालाले चांगला आहे," ती म्हणाली. "बाकी टायमाले काय करू त्याचं? गिलास धरते तो, पण गिलास त डाव्या हातानंही धरता येते. भाकर थापता येत नाही त्यानं. कापूस वेचता येत नाही. अन् उन्हाळ्यात घामानं आतून चामडं सोलून निघते."

"मग तुमचं अडतं कशात?"

हा प्रश्न मी शिबिरात विचारला नव्हता. फॉर्मवरही नव्हता.

ती जराशी लाजली. "वेणी," म्हणाली. "जाऊ घालून देते. तिचं डोकं ठिकाणावर असलं त घालते. नाही त दिवसभर तसंच फिरा लागते. रोज काहून तिच्या पुढं बसू?"

मी निघाले तशी ती एसटीच्या फाट्यापर्यंत सोबत आली. बस दिसल्यावर माझी बाही धरली. "त्यायले सांगू नका, हात पेटीत आहे म्हणून. किती मेहनतीनं केला त्यायनं. वाईट वाटन."

सारा रस्ता मला बसायला जागा होती आणि मी दोनदा उभी राहिले. अध्यक्षांसाठी खोटं लिहायला नकार देणं एक वेळ सोपं होतं. तिच्यासाठी लिहायचं, तर ते माणुसकीचं वाटत होतं, आणि म्हणूनच नाकारणं जास्त अवघड. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्यांना फोन लावले. एक गृहस्थ खरंच त्या हातानं पेन धरून सही करत होते आणि फार खूश होते. बऱ्याच जणांचे हात कपाटात होते. मी होतं तसं लिहिलं, वेणीचंही लिहिलं, आणि अध्यक्षांना न दाखवता पाठवलं.

त्यांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "इतक्या लोकांची मेहनत आहे हो यात," एवढंच म्हणाले. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

उत्तर आलं ते एका म्हाताऱ्या बाईचं. 'तुम्ही वेणीचं लिहिलंत, त्या बाईच्या खोक्यातल्या फोटोत डावीकडे उभी आहे ती मी,' असं तिनं लिहिलं होतं. 'आम्हाला सगळ्या देशांतून "रोज" असंच येतं. आम्हाला संशय होता, पण विचारायचं कोणाला? तिच्याशी बोलता येईल का?'

मी पुन्हा तांड्यावर गेले. आधी तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "सांगतलं होतं ना तुमाले? काहून लिहिलं?" मी म्हातारीचं उत्तर तिला वाचून दाखवलं. रेंज फक्त शाळेच्या पायऱ्यांवर मिळायची. तिथं बसून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती म्हातारी दिसताच ही फोटोतल्या बाईला ओळखून हसली. मी मधे भाषांतर करत होते, पण थोड्या वेळानं माझी गरज उरली नाही. हिनं कांदा कसा धरते ते दाखवलं, म्हातारीनं तिकडे कागदावर काढलं. थोट्या हाताला चामड्याचा पट्टा, त्याला एक खाच. खाचेत फणी बसेल, चमचा बसेल, सुरी बसेल.

म्हातारीनं पाठवलेलं चित्र घेऊन मी यवतमाळच्या एका चांभाराकडे गेले. पहिला पट्टा सैल झाला, दुसरा काचला. तिसरा जमेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती.

पट्टा घेऊन तांड्यावर गेले तर तिनं केस कापलेले. मानेपर्यंत, वेडेवाकडे, स्वतःच कात्रीनं. "किती दिवस वाट पाहू?" ती म्हणाली. सासू महिनाभर बोलली नव्हती म्हणे. मला तिथं उभं राहवेना. तिनं मात्र पट्टा हातात घेतला, उलटापालटा केला, दातानं बंद ओढून बांधला आणि खाचेत विळा अडकतो का ते बघायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "खाच जराशी मोठी पाह्यजे. चांभाराले सांगा."

या वर्षीच्या शिबिरात मी तिला बोलावलं. ती माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कोणतं काम अडतं ते विचारू लागली. माणसं सांगत राहिली, रांग हलेना. अध्यक्ष दोनदा घड्याळ दाखवून गेले. झरी जामणीकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला ती सांगत होती, "बाबा, यानं कुऱ्हाड धरता येणार नाही. आधीच सांगून राह्यली." म्हातारा कुऱ्हाड कशी धरायचो ते सांगू लागला. मागची माणसं कुरकुरू लागली. मी नवा कागद घेतला आणि त्याचं म्हणणं लिहायला बसले.