गौरीची तिवई आणि शेटची बाहुली

या सदरात माणसं काय काय लिहितात... मी वाचतो आणि अंक घडी करून उशाखाली ठेवतो. अंगात येणं, कुणी हाक मारणं, झाडावरचं अमकं-तमकं — मी यातलं काही मानलं नाही, आजही मानत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण नजर चांगली होती. तिनं पाहिलं तेवढंच लिहितो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं घर वलवणात, लोणावळ्याला लागून. वडील गेलेले. घरात आई, मी, माझी बायको आणि धाकटा भाऊ नामा. आम्ही दोघं भाऊ लोणावळा बाजारात एका कापडवाल्या शेटकडं कामाला. मी स्टेशनावरून गठ्ठे आणायचो, नामा झाडलोट करायचा. डोळा मात्र दोघांचाही गादीवर — म्हणजे बसून गिऱ्हाइकाला लुगडी दाखवायच्या कामावर.

एकदा शेटनं मुंबईहून बाईएवढी बाहुली आणली, लुगडं नेसवून शोकेसमध्ये उभी करायला. अंग कागदाच्या लगद्याचं, आतून पोकळ. पण ती घडवलेली मडमेच्या बुटांसाठी. टाचा वर, सगळा भार चवड्यांवर. अनवाणी उभी केली की तोंडावर यायची. शेट म्हणाला, "हिला जो उभी करेल तो गादीवर बसेल."

मी लोहाराकडून सळई आणून तिच्या पाठीला बांधली. जरीचं लुगडं नेसवलं की सळई वाकायची. मग तळव्यातून खिळे मारून खोक्यावर ठोकली, तर तळवाच फाटला. शेटच्या शिव्या खाल्ल्या. कमरेला मागून टेकू दिला, तर बाईला कुबड आल्यागत दिसायचं. जेवताना हे सगळं मी नामाला सांगायचो. तो ऐकून घ्यायचा.

आणि एक दिवस गठ्ठा घेऊन दुकानात शिरलो, तर बाहुली उभी. ताठ. हिरवं लुगडं घोळदार नेसलेली. नामा गादीवर.

"कसं केलंस रं?"

"केलं कायतरी. गठ्ठा ठेव दादा, पानी पी."

मला लागलं ते. पण भाऊच होता... गठ्ठा ठेवला, पाणी प्यालो.

आता तिवईचं सांगतो. आमच्याकडं गौर उभी असायची. तिच्यासाठी वडलांनी फणसाच्या लाकडाची तिवई केली होती. खाली तीन पाय, मधे दांडा, वर खांद्यासाठी आडवी पट्टी, आणि टोकाच्या खुंटावर पितळी मुखवटा बसायचा. गौरी गेल्या की तिवई तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर जायची. वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही. उतरवायची ती थोरल्या मुलानं. म्हणजे मी.

गौरी यायच्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढलो. फडकं होतं. नीट घडी घातलेलं.

"आये, तिवई कुटं हाय?"

आई खाली तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "नामा आननार हाय दुपारी."

"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"तुजं लगीन झालंय. त्याला गादी मिळाली तर कुनी पोरगी दील. तुला इचारलं असतं तर तू दिली असतीस व्हय?"

दिली नसती. ते तिला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. मग मी थोरला तो कशाचा?

तसाच बाजारात गेलो. सणाचा दिवस, दुकानात बायकांची ही गर्दी. नामा उठून आडवा आला. "दादा, दुपारच्याला आनतो म्हनालो व्हतो मी..."

"आन गौर तवर कशावर हुभी ऱ्हाईल? तुज्या गादीवर?"

त्याला बाजूला सारलं, शोकेसमध्ये चढलो, बाहुलीच्या कमरेची दोरी सोडली आणि मागून लुगड्याखालची तिवई ओढून काढली. मनात एकच — पडू दे. सगळ्यांदेखत पडू दे, आणि जाऊ दे याची गादी.

बाहुली पडली नाही.

चवड्यांवर तशीच उभी. तिवई अजून आतच आहे असं वाटून शेट ओरडला, "ओढ ना एकदाची, बघतोस काय?"

"वढली की," मी तिवई वर करून दाखवली.

एक म्हातारी हसली. "आगं बया, आपल्या पायावर हाय की ही."

नामा पांढरा पडला. तेवढ्यात घाटाकडं मालगाडी गेली, शोकेसच्या काचा थरथरल्या. बाहुली हलली नाही. मी वाकून लुगडं घोट्यापर्यंत उचललं. चवडे आणि खालची फळी. बाकी काही नाही. मागं हात फिरवला. काही नाही.

तिवई घरी आणली, धुतली, गौर उभी केली. ती पुढं झुकली. पाचर ठोकून पुन्हा उभी केली. पुन्हा झुकली. तिसऱ्यांदा मुखवटा सुटला तो बायकोनं वरच्यावर झेलला. मग मी इरेला पेटलो. त्याच तिवईवर भाताचं पोतं टाकलं. जराही डुगडुगली नाही. पोतं काढून गौर ठेवली की झुकायची.

शेवटी आईनं पाटावर तांदळाची रास केली आणि मुखवटा त्यावर बसवला. तेव्हापासून आमच्यात गौर बसलेली असते. नव्या सुना विचारतात, सगळ्या भावकीत उभ्या, आपल्यातच का बसलेली? मी सांगतो, आपली रीत आहे.

बाहुली गौरी गेल्यावरही उभीच होती. दसऱ्याला बायको बघून आली, तेव्हाही. नामाची गादी पक्की झाली, लग्न झालं. मी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामाला लागलो.

भावानं फसवलं, आईनं फसवलं... ते माणसांचं झालं. पण जिच्यासाठी मी भर बाजारात भांडलो, तीसुद्धा माझ्या हातानं उभी राहिली नाही.

नामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बसवून म्हणाला, "दादा, त्या दिशी तू गुपचूप कायतरी टेकू ठिवून गेलतास. एवढा रागात असून माजी लाज राकलीस. मी कुनाला बोललो न्हाई, पन मला ठावं हाय."

मी हं म्हटलं. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं...

टेकू मी ठेवला नव्हता. ती पडावी म्हणूनच तिवई ओढली होती. मग तिला धरलं होतं कुणी, ते मला आजही सांगता येत नाही.