हो, आठवते ना मले

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही. मध्ये मध्ये अडखळेन — समजून घ्या. म्हणजे, समजून घ्या असंही नको. नुसतं ऐका.

दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर 'टायपिंग, इंटरनेट' अशी पाटी. कापसानं सगळ्या मुलखाची कंबर मोडली होती ती वर्षं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमध्ये फिटर. पूर्वी दिवाळीनंतर मिल सुरू झाली की उन्हाळा लागेपर्यंत त्याला जेवायला फुरसत नसायची. आता कापसाच्या गाड्याच येईनात. मिल चालली तर चालली, नाहीतर दादा ओट्यावर बसून. आईचं दुखणं, घरातलं खाणंपिणं, सगळं त्या चार कॉम्प्युटरांवर येऊन पडलं.

आणि ते कॉम्प्युटर मी चालवत होतो असं गावाला वाटायचं. खरं म्हणजे दुकान वहिनी चालवायची. ती कळंबची, बी.एड. झालेली, मराठी टायपिंगमध्ये हात असा की समोरचा माणूस बोलायचा थांबण्याआधी हिचा अर्ज तयार. मला मराठी टायपिंग येत नव्हतं. एक एक अक्षर शोधावं लागायचं. कोर्टातले, शाळेतले, पंचायतीतले लोक यायचे ते तिच्यासाठी. गल्ल्यावर मात्र मी बसायचो.

आता ब्राउझरचं सांगतो. हसू नका, सगळं तिथूनच सुरू झालं.

तेव्हा आमच्याकडे इंटरनेट म्हणजे तो निळा ई. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की इंटरनेट उघडतं, एवढं सगळ्यांना पाठ. आमची लाइन मुलखाची मंद, त्यात त्या ईला सारखे व्हायरस लागायचे. एक पान उघडेपर्यंत माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा. मी दुसरा ब्राउझर शोधला, घरी रोज वापरून पाहिला आणि एक दिवस चारही कॉम्प्युटरांवर तोच टाकून निळा ई काढून टाकला. दुसऱ्या दिवशी एक रिटायर गुरुजी पडद्याकडे पाहत उभेच. "काहून गा, इंटरनेट बंद केलं का? ई तं दिसूनच नाही राह्यला." मग मी त्यांना नवा ब्राउझर दाखवला, एकाच खिडकीत चार पानं उघडून दाखवली. मला फार ऐट आली होती. जो येईल त्याला सांगायचो, रोजच्या वापराला हाच घ्या, हा भरवशाचा.

भरवशाचा. हा शब्द मीच वापरत होतो.

त्याला एक सवय होती. कुणी पासवर्ड टाकला की पानाच्या वर इंग्रजीत एक पट्टी यायची — हा पासवर्ड मी लक्षात ठेवू का, अशा अर्थाची. हो म्हटलं की पुढच्या वेळी रकान्यात काळे ठिपके आपोआप भरून यायचे. वहिनीला इंग्रजी वाचण्यापुरतं येत होतं. तिनं त्या ओळीतला 'पासवर्ड' पाहिला, 'रिमेंबर' पाहिला आणि आपल्या परीनं अर्थ लावला. तिला वाटलं, ते तिलाच विचारतंय — पासवर्ड आठवतो का? "हो, आठवते ना मले," असं ती पडद्याला म्हणाली आणि 'हो' दाबलं. शाळेत बाई काही विचारतात आणि आपल्याला उत्तर येत असतं, तशी खूश होऊन.

मी शेजारी होतो. मला हसू आलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. का नाही सांगितलं? त्या क्षणी तरी मनात काही काळंबेरं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण मग दोन दिवसांनी, ती जेवायला घरी गेली असताना, मी तिच्या कॉम्प्युटरवर बसून तिचा मेल उघडला तो कशाला? चुकून उघडला म्हणायचो. चुकून नाही. ठिपके भरलेले होते, मी फक्त आत गेलो.

आत काहीच नव्हतं. बहिणीची ख्यालीखुशाली, मैत्रिणीनं पाठवलेले फोटो. तरी सवय लागली. ती जेवायला गेली की मी एक चक्कर मारून यायचो.

अशाच एका दुपारी तो मेल दिसला. केळापूरकडच्या एका आश्रमशाळेचा. मराठीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. राहायला खोली मिळेल असंही लिहिलं होतं आणि येणार की नाही ते कळवायला सांगितलं होतं. तिनं अर्ज केलाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दादा तर म्हणायचा, "तुई नोकरी लागली तं मी तिकडच येतो, पोरं सांभाळतो."

मी तो मेल कितीदा वाचला कोण जाणे. ती गेली तर टायपिंग कोण करणार? दादाही गेला तर आईचं कोण बघणार? हे सगळं मनात आलं, खोटं नाही. पण त्याच्याही आधी दुसरंच आलं होतं. मीही बी.ए. होतो. मी कमी अर्ज केले नव्हते. मला कधी कुठून बोलावणं आलं नाही — आणि हिला आलं. मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला.

मी तिच्या नावानं उत्तर लिहिलं. एक एक अक्षर शोधत. 'घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.' एवढंच. मग त्यांचा मेल काढून टाकला, माझं उत्तर काढून टाकलं, कचऱ्याचा डबा रिकामा केला. ती जेवून आली, माझ्यासाठी डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आली. मी जेवलो.

त्यानंतर ती रोज मेल उघडून पाहायची; ठिपके आपोआप भरून येतात ती नव्या ब्राउझरची रीतच, असं तिनं धरलं होतं. "काहीच नाही आलं, भाऊजी." मी म्हणायचो, "वहिनी, या संस्थावाल्यांचं आधीच ठरलेलं असते." माझ्या तोंडून हे इतक्या सहज निघायचं की मलाच खरं वाटायला लागलं. पुढे तिनं मेल उघडणं कमी केलं. मग अर्ज करणंही सोडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात, विहारासमोर, मी भाषण केलं — आपल्या लेकीसुना शिकल्या, आता त्यांना पुढे जाऊ द्या. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत वहिनी बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

आज तिचे केस पांढरे झालेत. दुकान आता घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि अजूनही टायपिंग तीच करते. मान दुखते तिची, तेल चोळत बसते. दादाची मिल कधीच बंद पडली. मीही थकलो. हे सांगून कुणाची मान थांबणार आहे दुखायची?

मागच्या महिन्यात तिनं नवा फोन घेतला. फोनची भाषा तिनं स्वतःच मराठी करून घेतली. दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊजी, यात नेट पाहाले कोणतं टाकू? तुम्ही सांगान ते." मी जुनाच ब्राउझर सांगितला. आपला तोच, भरवशाचा. तिनं तो टाकला, मेल उघडला, पासवर्ड भरला. खाली पट्टी आली, या वेळी मराठीत. तिनं ती मोठ्यानं वाचली, "हा पासवर्ड लक्षात ठेवायचा का?"

तिचं बोट तसंच थांबलं.

"म्हणजे हे मले नाही विचारून राह्यलं," ती हळूच म्हणाली. "हे म्हणते, मी ध्यानात ठेवू का."

"हो."

"दुकानातलंबी असंच विचारे?"

मी हो म्हणालो. तेवढं एकच खरं बोललो मी, तेही तिनं विचारलं म्हणून. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं 'नको' दाबलं.

"चहा ठेवते," असं म्हणून उठली आणि फोन सोबत घेऊन आत गेली. इतकी वर्षं ती आपला फोन माझ्याजवळच ठेवून जायची.