मंगलचे कावळे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या भावाला नाही. मंगलला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती तिथंच उभी होती.

सणसरला माझं फोटोचं दुकान आहे. मोबाईल आले आणि लोक फोटो काढून घ्यायचे थांबले. उरलं काय? गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम करून देणं. तेवढ्यावर घर कसं चालायचं? तेव्हा मंगलनं — माझ्या बायकोनं — वाट काढली, आणि आमचा तो जगावेगळा जोडधंदा सुरू झाला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं कशी ताटकळतात, तुम्ही पाहिलं असेल. मंगलचं म्हणणं साधं होतं. "कावळा तोंड इसरत न्हाय. खाऊ घालणाऱ्याला बरूबर वळखतो." मग एखाद्या गावातून फ्रेमची ऑर्डर आली, की ती रोज एसटीनं त्या गावच्या ओढ्याकाठी जायची. भाकरीचे तुकडे, भात, थोडं फरसाण. दहाव्याला ती झाडाआड उभी राहायची, पदर सारून तोंड दाखवायची — आणि कावळे यायचे.

पुढं कोण असायचा? मी. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. काय पुटपुटायचो, सांगू? फ्रेमची मापं. बारा बाय पंधरा, सोळा बाय वीस. लोक मला बुवा म्हणू लागले. कावळा शिवला तरच दक्षिणा, अशी आमची बोली. घरी आल्यावर मंगल माझ्या पुटपुटण्याची नक्कल करायची आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. पाप होतं का ते? असेल. पण मला सांगायचंय ते पाप वेगळंच आहे — आणि मी नुसता त्याच्याभोवती फिरतोय.

शेळगावात एका म्हाताऱ्या बागायतदाराचं दहावं होतं. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्या नातवानं हौसेनं ड्रोन आणला होता, कावळा शिवतानाचं शूटिंग वरून घ्यायला. ते यंत्र घोंघावत वर गेलं आणि चिंचेवरचे झाडून सगळे कावळे उडाले. ड्रोन लगेच उतरवला, पण कावळे काही परतेनात. लांब उसावर घिरट्या घालत राहिले.

मग आबांची मुलं हात जोडून कबूल होऊ लागली. "आबा, ट्रॅक्टर इकत न्हाय." "आबा, धाकट्याचं पाणी अडवत न्हाय." ऊन चढलं. थोरला मुलगा, पन्नाशीचा दांडगा गडी, लहान पोरासारखा रडायला लागला. "बुवा, आबांचा जीव कशात अडाकलाय, सांगा की." मी आपली फ्रेमची मापं पुटपुटत राहिलो.

तेव्हा मंगल चिंचेआडून बाहेर आली. असं कधीच ठरलेलं नव्हतं. सगळ्या गर्दीतून ती थेट पिंडापाशी गेली, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि उसाकडे तोंड करून उभी राहिली. हातात काही नाही. तोंडानं आवाज नाही. नुसती उभी.

आणि आले हो ते. एक, मग दोन, मग अख्खा थवा — काळी सावली सरकत यावी तसे. तिच्या पायाशी उतरले. एक तिच्या खांद्याला पंख घासून खाली बसला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. गुपित मला ठाऊक होतं ना? भाकरी, भात, फरसाण — सगळं ठाऊक होतं. तरीही जे पाहिलं ते मला कळलं नाही. आजही कळत नाही. इतकी वर्षं मी हिच्याशी संसार केला आणि ही कोण आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात भावकीतला एक म्हातारा माझ्या कानाशी आला. "बुवा, ही बाई कोण? करणीबिरणी करती का काय? तुमच्या वळखीची हाय?"

किती सोपं होतं — माझी बायको हाय, म्हणायचं. एवढंच.

मी म्हणालो, "न्हाय बा. येडसर दिसतीया. काढा तिला भायेर."

दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला लोटलं. एकानं ढेकूळ भिरकावलं. ते तिच्या पाठीत बसलं. तिनं वळून पाहिलं — ढेकूळ मारणाऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मग रस्त्याला लागली. मी पहिल्या पंगतीत जेवलो.

घरी आली तेव्हा तिनं विचारलं, "जेवला का तुमी?" मी हूं म्हणालो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. ती परत कुठल्याच दहाव्याला आली नाही. तब्येतीचं निमित्त सांगून मीही धंदा बंद केला. बुवा हे नाव मात्र राहिलं. ते मी ठेवून घेतलं.

परवा आबांचा थोरला घरी आला होता. वर्षश्राद्ध झालं, म्हणून माझा मान करायला आला. "तुमच्यामुळंच आबा सुटलं," म्हणाला. मंगल चहा घेऊन आली. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं कप त्याच्यापुढं ठेवला, आणि तो टॉवेल-टोपी घेऊन उठला, तशी मी मान पुढं केली.