नानाकाकांची अटॅचमेंट

भूत, आत्मा, पिशाच्च... असलं काही मी मानत नाही. आजही नाही. माझं कामच असं आहे की काही बिघडलं तर त्याचं कारण सापडतंच — नाही सापडलं तर आपण नीट शोधलं नाही, एवढंच. म्हणून तर हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

मी ग्वाल्हेरची. लष्कर नावाच्या भागात, महाराज बाड्याजवळ आमचं दोन माणसांचं ऑफिस आहे — मी आणि पंकज. वेबसाइट बनवतो. मध्ये इथल्या दोन मराठी मंडळांचं एकत्रीकरण झालं, एक आमच्या लष्करातलं, एक शहराच्या दुसऱ्या टोकाचं. अध्यक्ष कोण, गणपती कुठे बसवायचा, यावर यथेच्छ भांडून झालं आणि दोन्ही साइट एक करायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

जुन्या साइटवर सभासद फोटो, रेकॉर्डिंग वगैरे अपलोड करायचे. आता यातली गोम अशी, की डेटाबेसमध्ये असते फक्त नोंद — फाइलचं नाव, ती कुठे ठेवलीय ते. खरी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये. देवळाबाहेर चपला ठेवून टोकन घेतो ना, तसं. पंकजने टोकनं सगळी आणली, चपला राहिल्या तिकडेच! मला कळलं तोवर जुना सर्व्हर पुसला गेला होता.

"अरे यार, बॅकअप लिया तो था," पंकज म्हणाला.

"किसका? डेटाबेस का ही ना!" मी ओरडलेच.

बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, फोटो पुन्हा पाठवले. पण मालूकाकूंचं काय? काकू हरिशंकरपुरमला राहतात, आईची मैत्रीण. त्यांचे यजमान नानाकाका मंडळाच्या गणपतीपुढे वर्षानुवर्षं मंत्रपुष्पांजली म्हणायचे. ते गेले, आणि आवाज उरला तो त्या एका रेकॉर्डिंगमध्ये. काकूंच्या जुन्या फोनमध्ये होतं, तो फोन पाण्यात पडला. राहिलं फक्त साइटवरचं. काकांशिवायचा हा पहिला गणपती, आणि आरतीनंतर तेच लावायचं ठरलेलं.

कुठल्या तोंडाने सांगू? रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी एका दुपारी गेले.

"परेशान का दिसतेस गं? बस," काकू म्हणाल्या. "मुलीने इंदूरहून नवा फोन आणलाय कालच. आधी हे ऐक."

त्यांनी आमची नवी साइट उघडली, बटण दाबलं — आणि नानाकाकांचा आवाज! तोच खर्ज, आणि मध्येच थांबून कुणाला तरी दटावणं, "हळू रे, गाडी सुटत नाहीये!" काकू खुदकन हसल्या.

माझ्या फोनवर तेच बटण दाबलं. फाइल सापडली नाही. काकूंचा फोन मागून घेतला, आतलं सगळं धुंडाळलं. काही नाही. बाहेर जाऊन पंकजला फोन लावला.

"सर्व्हर का लॉग देख, किसने क्या मांगा. अभी कोई ऑडियो गया क्या?"

"कहाँ से जाएगा? दो बार मांगा है किसी ने, दोनों बार फाइल नॉट फाउंड."

एकदा मी. एकदा काकू.

निदान आवाज तरी वाचवू, म्हणून काकूंना पुन्हा लावायला सांगितलं आणि शेजारी माझा फोन धरून रेकॉर्ड केलं.

"काय सांगायला आली होतीस?" निघताना त्यांनी विचारलं.

"काही नाही काकू, अशीच."

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. पंख्याची घरघर, काकूंच्या हलक्या टाळ्या, आणि शांततेत त्यांचं ते खुदकन हसणं — नेमकं काका दटावतात तिथे. काकांचा एक शब्द नाही.

गणपतीत मांडवात काकूंनी आपल्या फोनवरून ते लावलं. सगळ्यांनी ऐकलं, बायका डोळे पुसत होत्या. मी घाम पुसत होते.

आता साइटची साफसफाई करायचीय. ज्या नोंदींना फाइल नाही, त्या सगळ्या उडवायच्या. पंकज मागे लागलाय, "एक क्लिक का काम है." मी रोज काहीतरी निमित्त काढून टाळते. कॅशे म्हणा, म्हणजे फोनने राखून ठेवलेली जुनी प्रत, भास म्हणा, माझं सगळं म्हणून झालंय. कारण सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा, खरंच सांगा. पण ती नोंद मी काढली, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी बटण दाबल्यावर काहीच वाजलं नाही... तर काकांना दुसऱ्यांदा नेणारी मी असेन.