शिक्क्याचा मालक

अमेरिकेत मला मिळालेली पहिली नोकरी शिक्के वाचायची होती. आमचे हे मित्रांना सांगायचे, "ही दिवसभर शिक्के वाचते, आणि त्याचे डॉलर मिळतात यार!" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण ते शिक्के कुणाचे होते हे मला माहीत होतं.

न्यू जर्सीतलं ते रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, घडवणारं विद्यालय महायुद्धाच्या आधी एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोल्यांमध्ये सुरू झालं. पुस्तकं म्हणावीत अशी नव्हतीच. युद्ध संपल्यावर युरोपातून पेट्या आल्या. नाझींनी लुटलेली ती पुस्तकं, आणि ज्यांच्याकडून लुटली त्या शाळा, ती यहुद्यांची प्रार्थनास्थळं, सिनेगॉग, ती माणसं उरली नव्हती. एकेका पुस्तकावर तीन तीन शिक्के असायचे. पहिला मूळ मालकाचा, दुसरा लुटणाऱ्यांचा, गरुडाचा, आणि तिसरा आमच्या विद्यालयाचा, निळा. घाईघाईत कित्येकांवर हा तिसरा मारायचा राहूनच गेला होता.

ऐंशीच्या दशकात विद्यालय नव्या इमारतीत जायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या ग्रंथपालांनी हट्ट धरला की निळा शिक्का नसलेल्या प्रत्येक पुस्तकाचा मालक आधी शोधायचा. असेल तर पुस्तक परत, नसेल तर निळा शिक्का. मी शिक्का मोठ्याने वाचायची आणि ते सांगायचे, "आहे" किंवा "नाही". बहुतेक वेळा "नाही". ते स्वतः पोरवयात त्याच युरोपातून निसटून आलेले. "नाही" म्हणताना त्यांचा आवाज जराही हलायचा नाही. मी मात्र निळा शिक्का मारताना दुसरीकडे बघायची.

एका दुपारी हातात जे पुस्तक आलं ते उघडलं आणि मी वाचायचीच थांबले. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री म्हणायच्या प्रार्थना, एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. हिंदुस्थानात फिरून आलेल्या कुणा प्राध्यापकाच्या संग्रहातून ते आलं होतं. शिक्का लंबगोल, जांभळा, देवनागरीत: "बेने इस्रायल मशीद", आणि खाली माझ्या गावाचं नाव. आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. आमच्याकडे सिनेगॉगला मशीदच म्हणतात.

मी सगळं सांगितलं. ग्रंथपालांनी चष्मा काढला. हा एकच शिक्का असा होता, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"मालक आहे?" त्यांनी मला विचारलं.

काय सांगणार? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात आमच्यातले फक्त बाबा उरले होते. आई गेलेली, भाऊ इस्रायलला, त्याच्या आगेमागे बाकीची घरंही तिकडेच. बाबा दर शुक्रवारी मशिदीचं कुलूप काढायचे, दिवा लावायचे आणि एकटेच बसायचे. याला "आहे" म्हणायचं का? आणि "नाही" म्हटलं, तर त्या निळ्या शिक्क्याखाली गेलेल्या सगळ्यांच्या रांगेत माझे जिवंत बाबा जाऊन बसणार. आमची आई यहुदी असूनही म्हणायची, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

रविवारपर्यंत जीव टांगणीला लागला. दूध उतू गेलं, भाजी करपली. हे म्हणाले, "अगं, एका पुस्तकाचं एवढं काय टेन्शन? सांगून टाक ना काहीतरी." यांच्यासारखं सांगून टाकता आलं असतं, तर मी कशाला वाळले असते?

बाबांच्या शेजारी किराणा दुकान होतं, तिथे फोन होता. रविवारी तो लावला. दुकानदार काकांनी हाक मारून त्यांना बोलावलं. मी ओरडून ओरडून सगळी हकिगत सांगितली.

"मग बाबा, परत पाठवू ना?"

"कशाला? वाळवीला खायला? तिथंच राहू दे." लाइन खरखरत होती. "आणि ऐक, इथली बाकीची पुस्तकंही तुझ्याकडे पाठवून देऊ का? चांगल्या जागी पडतील."

मला इतका राग आला! बाबा काय बोलत होते ते मला पुरतं कळलं होतं, म्हणूनच आला.

"एवढी कसली घाई झालीय तुम्हाला?"

"घाई नाही गं. मी आहे तोवर पोचलेली बरी."

मी काही बोलायच्या आत लाइन कटली. पुन्हा लावला, लागला नाही. रिसीव्हर हातात धरून मी रडले.

सोमवारी ग्रंथपालांनी पुस्तक टेबलावर काढूनच ठेवलं होतं.

"मालक आहे," मी म्हटलं. "पुस्तक परत पाठवा. मी घरी तसं पत्र टाकलंय."

त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत "आहे" ऐकायला मिळणं त्यांच्याही वाट्याला फारसं आलं नव्हतं. उत्साहाने म्हणाले, हवाई टपालाने पाठवू, खर्च विद्यालयाचा, आठवड्या-दोन आठवड्यांत पोचेल.

बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. लेकीचं पार्सल निघालंय म्हटलं, की ते हातात पडेपर्यंत बाबा गाव सोडायचे नाहीत, अंथरूण धरायचे नाहीत, कुठेही जायचे नाहीत.

"हवाई नको," मी म्हटलं. "जहाजाने पाठवा."

"जहाजाला फार महिने लागतात."

"लागू देत," मी म्हटलं.