चौथ्या मजल्यावरची काच

नगरच्या नगरपालिकेत यज्ञेश्वर नावाचे एक इमारत तपासनीस होते. जुन्या माड्या, चाळी राहण्याजोग्या आहेत की धोक्याच्या झाल्यात, ते पाहायचं हे त्यांचं काम. माणूस सरळ, आवाज हळू. पण ते दारात उभे राहिले की घरातली माणसं आधी भिंतींकडे बघत. घर रिकामं करा म्हणणाऱ्याला पाट कोण मांडणार? जिन्यात त्यांच्या वहाणा वाजल्या की दारं लागत. पोरं ‘भेगोबा आला’ म्हणत पळत. लग्नाच्या पंगतीतही शेजारचा माणूस हळूच विचारी, “आमच्या भिंतीचं काही नाही ना हो?” आणि तोंडातला घास तोंडात फिरे. बायको फार लवकर गेली होती. मूलबाळ नव्हतं. घरी आलं की स्टोव्हचा आवाज तेवढा सोबतीला.

भिंतीला भेग पडली की ती जुनीच आहे की वाढते आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवतात आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करतात. भिंत जरा हलली की काच तडकते. काच तडकली की नियम सरळ होता. इमारत रिकामी करायची.

रंगारी बोळात एक चौमजली चाळ होती. त्या काळी नगरात चार मजले म्हणजे मान वर करून बघायचं काम. मालक पुण्याला. चाळ जुनी, आणि त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. जमीन सुकून आत ओढली गेली आणि चौथ्या मजल्यावर केशरबाईंच्या खोलीत भेग दिसली. केशरबाई विधवा, गोधड्या शिवून पोट भरायच्या. यज्ञेश्वरांनी काच बसवली, हात झटकले आणि निघाले, तर बाई म्हणाल्या, “बसा की भाऊ. इथवर चढून येनारं कोन हाय?”

त्यांनी गुळाचा चहा ठेवला. पाणी खालून, टँकरपाशी भांडून, चार जिने चढून आणलेलं. यज्ञेश्वरांना तो घोट गिळवेना.

“गोड कमी झाला का?”

“नाही, नाही. चांगलाय.”

“मग असं काढा प्यायल्यावानी का पिता?”

त्या दिवशी ते हसले. नाव काय, गाव कुठलं, जेवता कुठं, सगळं बाईंनी विचारून घेतलं. भिंतीचं मात्र काही विचारलं नाही.

मग दर महिन्याला काच पाहायला जायचं. पाहायला किती वेळ लागतो? पण ते घटकाभर बसत. बाई सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे देत. जिना चढताना ते मनात म्हणत, काच शाबूत असू दे. आणि लगेच स्वतःलाच विचारत, हे बाईच्या छपरासाठी म्हणतोस, की तुझ्या चहासाठी? उत्तर यायच्या आत चौथा मजला येई.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला असताना, ते असेच गेले. काच अखंड होती. त्यांना बरं वाटलं. चहा हातात घेऊन टेकले, तेव्हा भिंतीवर मुंग्यांची ओळ दिसली. ओळ सरळ काचेपर्यंत जाऊन थांबत होती. ते उठले. बोटानं टोक दाबलं. काच सिमेंटात नव्हतीच, वरून गव्हाच्या खळीनं चिकटवलेली होती.

त्यांनी खोलीभर पाहिलं. बाईंच्या नवऱ्याचा फोटो समोरच्या खिळ्याला होता. त्याच्यावरची काच गेली होती. उघड्या कागदावर धूळ बसली होती.

“केशरबाई, काच कधी तडकली?”

बाई शिवत राहिल्या. “झालं थोडं दिस.”

“मला सांगायचं होतं.”

“सांगून तुमी काय केलं असतं?”

“चाळ रिकामी.”

“मग? मी कुठं जाऊ? भाचीच्या दारात, देवळालीला? ती लई चांगली हाय, पन तिची सासू हाय ना.” मग सुई थांबवून म्हणाल्या, “तुमी न्हाई सांगितलंत तर कुनाला कळतंय भाऊ. मुंग्या मी पुसून काढते.”

यज्ञेश्वर खाली बसले. खालच्या मजल्यांवर माणसं होती, तान्ही पोरं होती. इथं हा कप होता. तो त्यांनी पूर्ण संपवला, कारण पुन्हा मिळणार नव्हता. मग म्हणाले, “नोटीस उद्या लागेल. खालच्यांना मी सांगतो.”

“चहा प्यालात ना?” बाई म्हणाल्या. “मग जा आता.”

आठवड्यात चाळ रिकामी झाली. बाया बोटं मोडत होत्या. केशरबाईंचं बोचकं उचलायला यज्ञेश्वर पुढे झाले, तर त्यांनी ते दुसऱ्या हातात घेतलं.

पाऊस चांगला झाला. नगरात दोनचार भिंती पडल्या, पण चौमजली चाळ हलली नाही. दुसऱ्या मजल्यावरचा मच्छिंद्र चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणे, “काय साहेब, तुमची चाळ अजून हुभीच हाय. धक्का द्यायला येऊ का?” सगळे हसत. यज्ञेश्वर कप ठेवून निघून जात. पडावी असं त्यांना कधी वाटलं नाही, असं नाही. वाटलं की त्यांना स्वतःचीच शरम येई.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ते एसटीनं देवळाली प्रवरेला गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून फोटोच्या मापाची काच नेली होती. केशरबाई उसाच्या कडेला, भाचीच्या पडवीत गोधडी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“पडली का?”

“नाही.”

बाईंनी सुई गोधडीत खोचून ठेवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, “कोन आलंय गं?”

“नगरचं हायेत. जातील आता.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “इथं चूल माझी न्हाई भाऊ. चहाचं म्हनत न्हाई.”

“नको. पिऊनच आलो.”

काच त्यांनी कागदातून काढून पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवली. बाईंनी ती कशासाठी आहे ते विचारलं नाही. पदरानं तेवढी पुसली आणि उन्हातून सावलीत सरकवली.

“अजून जाता का वर, भिंत बघायला?”

“जातो. दर महिन्याला. नियम आहे.”

“मग दार कोन उघडतं?”

“किल्ली माझ्याकडेच असते,” यज्ञेश्वर म्हणाले.

बाईंनी सुई आणि दोरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो ओवून दिला, आणि परतीच्या एसटीसाठी उठले.